चेहऱ्यावरचा रंग उतरवताना

फणस चिरायला बसण्यापूर्वी कोकणातली गृहिणी हाताला आणि विळीच्या पात्याला खोबरेल तेल चोळून घेते. फणसाचा चीक एकदा बोटांना चिकटला की पाण्याने तो निघत नाही, साबणाने घासला तरी हलत नाही. तेलाचा हात फिरवला की मात्र मुकाट्याने सुटतो. पदार्थ आपल्यासारख्याच प्रकृतीच्या पदार्थात विरघळतो, हा रसायनशास्त्रातला साधा नियम त्यामागे आहे. चेहऱ्यावरचा मेकअप उतरवण्याचे बहुतेक शास्त्र या एका नियमात सामावलेले आहे. असे असूनही सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात क्लिन्झर मागायला गेले, की विक्रेतीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘तुमची त्वचा तेलकट आहे की कोरडी?’ हा प्रश्न चुकीचा नाही, परंतु तो दुसरा प्रश्न आहे. सकाळी चेहऱ्यावर काय लावले होते, हे आधी विचारायला हवे.

मेकअप म्हणजे केवळ रंग नव्हे. रंगाची भुकटी त्वचेवर धरून ठेवणारे काहीतरी त्यात असावेच लागते, आणि उतरवताना खरा सामना करायचा असतो तो या धरून ठेवणाऱ्या पदार्थाशी. आपल्या आज्या कपाळावर आधी मेणाचे बोट टेकवत आणि त्यावर कुंकवाची पूड दाबत. घामाच्या धारा लागल्या तरी ते कुंकू पसरत नसे, कारण पाण्याला मेण भेदता येत नाही. दिवसभर टिकणाऱ्या आजच्या फाउंडेशनमागचे तत्त्व याहून वेगळे नाही. फक्त मेणाच्या जागी सिलिकॉनची रेझिन्स आली आहेत.

‘लाँग वेअर’, ‘ट्रान्सफर प्रूफ’ असे लिहिलेल्या फाउंडेशनच्या किंवा लिक्विड लिपस्टिकच्या खोक्यावरील घटकांची यादी पाहिली, तर आयसोडोडेकेन आणि ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेट ही दोन नावे अनेकदा आढळतात. पहिला घटक उडून जाणारा द्रव आहे. तो प्रसाधन त्वचेवर सहज पसरवतो आणि काही मिनिटांत वाफ होऊन नाहीसा होतो. मागे उरतो तो दुसरा घटक. तो रंगासह एक पातळ, लवचिक पापुद्रा तयार करतो. या पापुद्र्याला घाम भेदत नाही, पाणी भेदत नाही आणि त्वचेतून पाझरणारे तेलही सहजासहजी भेदत नाही. वॉटरप्रूफ मस्काऱ्यात मेणाचे प्रमाण भरपूर असते. लग्नसमारंभासाठी केलेल्या मेकअपमध्ये असे पाच-सहा थर एकावर एक चढवलेले असतात आणि त्यावर ‘सेटिंग स्प्रे’चा आणखी एक थर असतो. पाण्यात न धुपणारे सनस्क्रीनही याच जातीचे. त्यामुळे ‘मी मेकअप करतच नाही’ असे सांगणारी, पण स्कूटरवर निघण्यापूर्वी नेमाने वॉटर रेझिस्टंट सनस्क्रीन लावणारी स्त्री, किंवा पुरुषही, या चर्चेच्या बाहेर राहत नाही.

या पापुद्र्यापुढे साबण का हरतो? साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याशी आणि दुसरे तेलाशी मैत्री करणारे असते. त्वचेवरचे नेहमीचे तेल आणि धूळ त्याने निघते, यात शंका नाही. परंतु रेझिन आणि मेण यांच्या कोरड्या थरात शिरून तो मोकळा करण्याइतका वेळ साबणाला मिळत नाही. मग माणूस घासू लागतो. शिवाय साबण स्वभावत:च अल्कधर्मी असतो. त्याचा सामू म्हणजे पीएच साधारणत: ९ ते १० असतो, तर निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, सुमारे ५ सामूचा असतो. या आम्लधर्मी आवरणाचे आणि पेशींमधल्या स्निग्ध द्रव्यांचे संतुलन बिघडले की त्वचेतील पाणी उडून जाऊ लागते, चेहरा ओढल्यासारखा वाटतो आणि एरवी सहज पचणारी क्रीमेही चुणचुणू लागतात. पुष्कळजण या ओढल्यासारखे वाटण्यालाच स्वच्छतेची खूण समजतात.

आपल्याकडे साबणाची प्रत ‘टीएफएम’वरून, म्हणजे त्यातील एकूण स्निग्धाम्लांच्या प्रमाणावरून ठरते. ७६ टक्के किंवा अधिक असेल तर पहिली प्रत, ७० टक्क्यांपासून दुसरी, ६० टक्क्यांपासून तिसरी. हा आकडा साबणाचा कस सांगतो, त्याचा सामू सांगत नाही. पहिल्या प्रतीचा साबणदेखील अल्कधर्मीच असतो. त्यातच घरी बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी येत असेल (शाळेच्या पुस्तकात आपण त्याला ‘दुष्फेन’ म्हणत असू), तर त्यातील कॅल्शियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा पांढुरका साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो थर दिसतो तोच चेहऱ्यावरही बसतो. मेकअप अर्धवट राहिलेला आणि वर साबणाचा साका, अशा अवस्थेत झोपी गेलेल्या चेहऱ्यावर सकाळी पुटकुळ्या दिसल्या तर दोष फाउंडेशनला दिला जातो!

फेसवॉशच्या बाबतीत चित्र थोडे बरे आहे. बरेचसे फेसवॉश साबणाचे नसून कृत्रिम सर्फॅक्टंटचे असतात आणि त्यांचा सामू त्वचेच्या जवळ आणता येतो. पण फेसाच्या मोहात पडू नये. फेस हा स्वच्छतेचा पुरावा नाही, केवळ विशिष्ट सर्फॅक्टंटचा गुणधर्म आहे. भरघोस फेस देणारे सोडियम लॉरिल सल्फेट तर त्वचेवरील दाहाचा अभ्यास करणारे संशोधक प्रयोगशाळेत मुद्दाम दाह निर्माण करण्यासाठी वापरतात. अर्थात प्रयोगातले प्रमाण आणि अवधी वेगळा असतो. अन्य सौम्य सर्फॅक्टंटबरोबर, अल्प काळासाठी ते वापरले तर प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. तरीही हलकी पावडर आणि काजळाची एक रेघ एवढाच शृंगार असेल तर सौम्य फेसवॉश पुरतो. टिकाऊ मेकअपसाठी तो एकटा पुरत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

मेकअप तेलाने काढावा हे ज्ञान जुने आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नावावर मधमाशीचे मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेले एक मलम सांगितले जाते. त्वचेवर चोळताच त्यातील पाणी उडून गारवा वाटे, म्हणून पुढे त्याला ‘कोल्ड क्रीम’ हे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत चरबी आणि रंगद्रव्ये यांच्यापासून केलेल्या रंगकांड्या आल्या. बर्लिनचा ऑपेरा गायक लुडविग लाइश्नर याने १८७० च्या दशकात त्यांचे उत्पादन सुरू केले, आणि असले रंग उतरवायला कोल्ड क्रीम हे नटमंडळींचे हुकमी साधन ठरले. आपल्या रंगभूमीवर हीच कामगिरी खोबरेल तेलाने केली. प्रयोग संपल्यावर रंगपटात आरशासमोर बसून तेलाने चेहरा माखणारे आणि मग जुन्या धोतराच्या फडक्याने रंग पुसून काढणारे कलावंत हे ज्यांनी नाटकाचे दौरे पाहिले आहेत त्यांच्या परिचयाचे दृश्य आहे.

मग आपणही खोबरेल तेलच का वापरू नये? रंग त्याने उत्तम सुटतो, हे मान्यच करायला हवे. अडचण पुढची आहे. साधे तेल पाण्याने धुतले जात नाही. सुटलेला रंग पोटात घेऊन ते त्वचेवरच पसरून राहते. ते काढण्यासाठी पुन्हा कडक साबण आला, किंवा पुसणे आले. ज्यांना मुरमे येतात त्यांच्या बाबतीत खोबरेल तेलाचा राहिलेला थर रंध्रे बुजवू शकतो. शिवाय मालासेझिया नावाची बुरशी आपल्या सर्वांच्या त्वचेवर वस्तीला असते आणि तिचे पोषण स्निग्धाम्लांवर होते. मुंबईसारख्या दमट हवेत कपाळावर आणि पाठीवर बारीक, खाजऱ्या पुटकुळ्या उठणाऱ्यांनी चेहऱ्यावर तेल तसेच ठेवून झोपू नये ते यासाठी. दुधाच्या सायीचेही तसेच. साय म्हणजे स्निग्धांश आणि पाणी यांचे मिश्रण, त्यामुळे हलका मेकअप तिने निघतो. पण सायीवर डाळीचे पीठ घालून खसखसून चोळण्याची जी पद्धत आहे, ती मेकअप काढण्यासाठी नको. पिठाचे कण रंगापेक्षा त्वचेलाच जास्त घासतात.

धुतले न जाण्याची ही अडचण क्लिन्झिंग ऑइलने दूर केली. जपानी रंगभूषाकार शू उएमुरा यांनी १९६७ मध्ये अशा तेलाला बाजारात स्थान मिळवून दिले. यात तेलाबरोबर एक इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी यांची सांगड घालणारा घटक मिसळलेला असतो. वापरण्याची रीत मात्र नेमकी पाळावी लागते. चेहरा कोरडा हवा, हात कोरडे हवेत. बोटांच्या पेरांनी मिनिटभर हलकेच फिरवले की तेल मेणात आणि रेझिनमध्ये शिरते, रंग सैल होतो. मग ओल्या हाताने पुन्हा फिरवावे. या क्षणी तेल दुधासारखे पांढरे झाले पाहिजे, आणि मग ते पाण्याबरोबर सहज वाहून जाते. आधीच चेहरा ओला केला तर ते दूध रंगाला भिडण्यापूर्वीच तयार होते आणि सारे काम फुकट जाते. ‘एवढे महागाचे तेल आणले, काही निघत नाही’ अशा तक्रारीचे मूळ बहुधा या ओल्या चेहऱ्यात असते. ‘क्लिन्झिंग ऑइल’ म्हणून विकत घेतलेली बाटली पाण्याबरोबर पांढरी होत नसेल, तर ते नुसते सुगंधी तेल आहे असे समजावे. बामची गोष्ट वेगळी नाही. ते घट्ट केलेले क्लिन्झिंग ऑइलच असते. प्रवासात सांडत नाही, हा त्याचा जास्तीचा गुण.

तेलकट त्वचेच्या स्त्रिया तेलाचे नाव काढताच दचकतात. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. एक, त्वचेवर राहणारे तेल आणि दोन, मिनिटभरात धुऊन जाणारे तेल. दुसऱ्या प्रकाराने मुरमे वाढतातच असे नाही. फक्त त्यानंतर सौम्य फेसवॉशने एकदा चेहरा धुवावा. जपान-कोरियातून आलेली ‘डबल क्लिन्झिंग’ची कल्पना ती हीच. टिकाऊ मेकअपसाठी ती उपयुक्त आहे. मेकअप नसलेल्या दिवशीही दोनदोन वेळा धुण्याचा जो प्रघात पडू पाहत आहे, त्यात फायदा फेसवॉश विकणाऱ्यांचा आहे. कोरड्या त्वचेला, विशेषत: विदर्भ-मराठवाड्याच्या हिवाळ्यात, बाम किंवा क्लिन्झिंग मिल्क आणि नंतर नुसते कोमट पाणी पुरेसे होते.

मायसेलर वॉटर हा अलीकडचा लोकप्रिय पर्याय १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये रुळला. दिसायला ते पाणीच. पण त्यात सौम्य सर्फॅक्टंटचे रेणू गोळ्यामेळ्याने राहतात. तेलाला ओढणारी टोके आत आणि पाण्याला ओढणारी बाहेर, अशा या सूक्ष्म चेंडूंना ‘मिसेल’ म्हणतात. कापसावर घेऊन टेकवले की रंगातला स्निग्धांश या चेंडूंच्या पोटात जातो. यातील सर्फॅक्टंट बहुधा विद्युतभार नसलेले असतात, त्यामुळे जड पाण्याच्या गावातही साका धरत नाहीत, आणि पाणी तुटपुंजे असलेल्या घरात किंवा रात्रीच्या रेल्वेप्रवासात ते सोयीचे पडते. परंतु ‘धुण्याची गरज नाही’ हे बाटलीवरचे वाक्य शब्दश: घेऊ नये. सर्फॅक्टंट सौम्य असला तरी रात्रभर चेहऱ्यावर ठेवण्याची ती वस्तू नव्हे. पाण्याचे चार हबके मारण्याने काही बिघडत नाही. मायसेलर वॉटरची मर्यादाही ओळखावी. हलका फाउंडेशन, पावडर, साधे काजळ यांच्यासाठी ते चांगले. नववधूच्या मेकअपसाठी नव्हे. अशा वेळी कापसाचे दहा-दहा तुकडे काळे होतात आणि प्रत्येक तुकड्यागणिक त्वचा घासली जाते.

मेकअप काढताना त्वचेचे सर्वाधिक नुकसान रंगाने किंवा क्लिन्झरने होत नाही, घासण्याने होते. आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णाच्या त्वचेत तर हा मुद्दा अधिक गंभीर. वारंवार घर्षण झाले, बारीकसा दाह झाला, की आपली त्वचा तिथे जास्त रंगद्रव्य तयार करून उत्तर देते आणि डोळ्यांभोवती, गालफडांवर काळसर छटा उमटते. ती लपवण्यासाठी अधिक कन्सीलर, तो काढण्यासाठी अधिक घासणे! तेव्हा दोन क्लिन्झरमध्ये निवड करायची वेळ आली तर ज्याने कमी घासावे लागते तो घ्यावा; सुगंध, फेस, बाटलीचे रूप हे सारे त्यानंतर. ओल्या वाइप्सविषयी माझे मत प्रतिकूल आहे ते याच कारणाने. वाइप्स रंग काढण्यापेक्षा पसरवतात, घासायला भाग पाडतात आणि त्यातील द्रव चेहऱ्यावरच वाळतो. या द्रवात पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिथाइलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकामुळे इतक्या जणांना अॅलर्जी झाली, की अमेरिकेतील काँटॅक्ट डरमटायटिस सोसायटीने २०१३ मध्ये त्याला ‘वर्षातील अॅलर्जन’ ठरवले. युरोपीय संघाने २०१७ पासून त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत त्याचा वापर बंद केला. आपण वाइप्स घेतो तेव्हा यादीत हे नाव आहे का, एवढे तरी पाहावे.

डोळ्यांचा विषय स्वतंत्रपणे घ्यायला हवा. पापण्यांची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचांपैकी आहे, आणि पापण्यांच्या कडेला तेलग्रंथींची मुखे असतात. त्यांतून पाझरणारे तेल अश्रूंना लवकर वाळू देत नाही. काजळ-मस्काऱ्याच्या उरलेल्या कणांनी ही मुखे बुजली की डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, रांजणवाडी होते. २०१८ मध्ये नेत्रवैद्यकाच्या ‘ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात सिडनी येथील पन्नाशीच्या एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध झाली. पंचवीस वर्षे ती भरपूर मस्कारा लावत होती आणि तो नीट काढत नव्हती. वरच्या पापणीच्या आतील बाजूस मस्काऱ्याच्या काळ्या गुठळ्या रुतून बसल्या होत्या. त्या शस्त्रक्रियेने काढाव्या लागल्या. उदाहरण टोकाचे खरे, पण ते सवयीतून घडले होते.

वॉटरप्रूफ मस्कारा आणि जेल काजळासाठी ‘बाय-फेज’ रिमूव्हर उत्तम. बाटलीत तेलकट आणि पाणीदार असे दोन थर दिसतात. वापरण्यापूर्वी हलवून ते एकत्र करायचे. कापसावर घेऊन मिटलेल्या पापणीवर अर्धा मिनिट नुसते टेकवून ठेवावे, मग खाली ओढून घ्यावे. त्या अर्ध्या मिनिटाची उतावीळ करणारे डोळे चोळतात. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या आधी काढाव्यात, तेलाचा थर लेन्सवर बसू देऊ नये. ‘ट्युबिंग’ प्रकारचा मस्कारा मात्र याला अपवाद आहे. तो कोमट पाण्याने फुगून नळीसारखा निघून येतो, त्याला तेल लावण्याची गरज नसते. टिकलीचा उरलेला गोंदही तेलाच्या थेंबाने काढावा, नखाने खरवडू नये. टिकलीच्या जागी पांढरट डाग दिसू लागला तर ती टिकली बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण काही गोंदांतील रसायनाने तिथला रंग कायमचा जाऊ शकतो.

आता वेष्टनाकडे वळू. ‘हायपोअॅलर्जेनिक’, ‘डरमॅटॉलॉजिकली टेस्टेड’, ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ या शब्दांना नेमके, सर्वमान्य मोजमाप नाही. त्यापेक्षा मागच्या बाजूची घटकांची यादी अधिक बोलकी. आपल्याकडील नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यानंतर उरलेले कोणत्याही क्रमाने. त्यामुळे दर्शनी भागावर बदामाचे चित्र असलेल्या बाटलीत बदामतेल यादीच्या शेपटीला असेल, तर किंमत चित्राची लावली आहे हे समजते. क्लिन्झिंग ऑइलच्या यादीत सुरुवातीला खनिज तेल दिसले तर नाक मुरडण्याचे कारण नाही. शुद्ध केलेले मिनरल ऑइल त्वचेला सहसा सोसते, स्वस्त असते आणि मेकअप चांगला विरघळवते. तीव्र सुगंध आणि डोळ्यांजवळ वापरायच्या वस्तूतील अल्कोहोल मात्र टाळावे. लहान नमुना-पॅकवर ही यादी कधीकधी नसते, तेव्हा मोठ्या खोक्यावर ती पाहून घ्यावी. मुरमांवर रेटिनॉइडची मलमे चालू असलेल्यांची त्वचा आधीच नाजूक झालेली असते; त्यांनी क्लिन्झर बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

नवी वस्तू प्रथम कोपराच्या आतील भागावर दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावी. क्लिन्झर धुऊन टाकायचा असतो, म्हणून चाचणीतही थोड्या वेळाने धुवावा. चट्टा, खाज नसेल तर चेहऱ्यावर न्यावा. तो काम करतो की नाही याची परीक्षा सोपी आहे. रात्री चेहरा धुऊन झाल्यावर पांढऱ्या ओल्या रुमालाची घडी केसांच्या रेषेजवळ, नाकपुड्यांच्या खाचेत, जबड्याच्या खाली आणि कानाच्या पाळीपुढे हलकेच टेकवून पाहावी. गाल तर कोणीही स्वच्छ करतो. रंग राहतो तो या चार जागी. रुमालावर तांबूस डाग उमटला तर आधी पद्धत सुधारून पाहावी, म्हणजे कोरडा चेहरा, पुरेसे तेल, पूर्ण मिनिट. दोन-तीन रात्री असे करूनही डाग येतच राहिला, तर मग बाटली बदलावी.